एनबीएच्या पगारात करोना अजून का दिसतो?

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा टीव्हीचा नवा करार २०२५-२६ च्या हंगामापासून लागू झाला. डिस्ने, एनबीसी आणि अ‍ॅमेझॉन मिळून अकरा वर्षांत सुमारे ७,६०० कोटी डॉलर मोजणार आहेत. आधीचा करार नऊ वर्षांचा होता, २,४०० कोटींचा. भागाकार करून बघा, वर्षाला हातात पडणारी रक्कम अडीचपटीच्या वर जाते. आणि त्याच वर्षी प्रत्येक संघाला खेळाडूंच्या पगारावर जेवढा खर्च करता येतो ती मर्यादा किती वाढली? बरोबर १० टक्के. १४.०६ कोटी डॉलरवरून १५.४६ कोटी.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की पहिली शंका येते ती मालकांनी मधला मलिदा खाल्ल्याची. तसं झालेलं नाही. या १० टक्क्यांचा जन्म २०२० सालचा आहे. ज्या वर्षी खुर्च्या रिकाम्या होत्या आणि संघांना पुढचा पगार कुठून द्यायचा हा प्रश्न पडला होता, त्या वर्षी मालक आणि खेळाडूंनी बसून जी तडजोड केली, तिचं हे शेपूट. ते समजून घ्यायचं तर आधी ती रात्र बघावी लागेल.

## ओक्लाहोमा सिटीतली न झालेली मॅच

११ मार्च २०२०. आपल्याकडे १२ तारखेची पहाट. ओक्लाहोमा सिटी थंडर आणि युटा जॅझ यांची मॅच सुरू व्हायला काही क्षण उरले होते. स्टेडियम भरलेलं, खेळाडू मैदानावर. पंच एकत्र जमले, कुजबुज झाली आणि दोन्ही संघांना आत पाठवलं गेलं. थोड्या वेळानं प्रेक्षकांनाही घरी जायला सांगितलं. जॅझचा खेळाडू रूडी गोबेर याची करोना चाचणी पॉझिटिव्ह आली होती. दोनच दिवसांपूर्वी पत्रकार परिषद संपताना याच गड्यानं गंमत म्हणून समोरच्या सगळ्या माइकना हात लावले होते. नंतर त्यानं माफी मागितली, पण तोवर ती चित्रफीत जगभर फिरली होती.

त्याच रात्री लीगनं हंगाम थांबवला. जागतिक आरोग्य संघटनेनं करोनाला जागतिक महासाथ म्हटलं तेही त्याच दिवशी. नियमित हंगामातल्या १,२३० मॅचपैकी ९७१ झाल्या होत्या, २५९ उरल्या होत्या.

मुंबईकरांना एक गोष्ट आठवत असेल. याच्या जेमतेम पाच महिने आधी, ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज खेळून गेले होते. भारतातल्या एनबीएच्या पहिल्याच मॅच त्या. किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. तेव्हा लीगच्या डोळ्यांसमोर नवनवे देश होते. मार्चमध्ये स्वतःच्याच देशात मॅच भरवायची सोय उरली नाही.

## गल्ला एकच, वाटेकरी दोन

आता मुळाकडे येऊ. एनबीएचा खेळाडू हा नेहमीच्या अर्थानं पगारदार नाही. आपल्या ऑफिसचा धंदा दहा टक्क्यांनी बसला म्हणून आपल्या पगारातून आपोआप काही कापलं जात नाही. (नोकरी जाऊ शकते, तो भाग वेगळा.) आयपीएलमध्येही लिलावात जी बोली लागली ती लागली, स्पर्धेनं त्या वर्षी किती कमावलं याच्याशी ती बांधलेली नसते.

एनबीएत मात्र तिकिटं, टीव्ही, जाहिराती, जर्सी, पार्किंग असं खेळातून येणारं बहुतेक उत्पन्न एकत्र मोजलं जातं. त्याला करारात लांबलचक नाव आहे, आपण नुसतं गल्ला म्हणू. या गल्ल्यातला ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंचा, बाकीचा मालकांचा. हे मालक आणि खेळाडूंच्या संघटनेनं मिळून केलेल्या सामूहिक करारात लिहिलेलं आहे. म्हणजे नातं नोकर-मालकाचं कमी आणि बटईच्या शेतीचं जास्त. पीक भरघोस आलं तर दोघांचं, करपलं तरी दोघांचं.

दर वर्षी पुढच्या हंगामाच्या गल्ल्याचा अंदाज बांधतात, त्यातला खेळाडूंचा वाटा काढतात, साधारणपणे तीस संघांत विभागतात आणि एका संघाची पगारमर्यादा ठरते. तिलाच सॅलरी कॅप म्हणतात. अपवाद आणि सवलती ढीगभर आहेत, त्यांत आज शिरायला नको. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की ही मर्यादा अंदाजावर ठरते. आणि मार्च २०२० मध्ये सगळे अंदाज कोसळले.

## उसाची उचल आणि एस्क्रो

इथे कुणीही विचारेल की खेळाडूचा करार तर ठरलेल्या आकड्याचा असतो, पाच वर्षांचे इतके कोटी. मग गल्ला कमी भरला तर वाटा कमी करणार कसा?

पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही ऊस उत्पादकाला विचारा, तो लगेच सांगेल. कारखाना ऊस नेतो तेव्हा पहिली उचल देतो. अंतिम दर काय बसतो ते साखर विकून, हिशेब लागल्यावर कळतं. उत्पन्नाच्या वाटणीचं ७०:३० चं सूत्र आपल्याकडे लोकांच्या तोंडी आहेच. एनबीएतही हिशेब मागाहूनच लागतो, फक्त दिशा उलटी आहे. तिथे आधी कमी देऊन मागाहून भर घालत नाहीत. ठरलेला पगार हप्त्यांनी देत जातात, पण प्रत्येक हप्त्यातले १० टक्के बाजूला अडकवून ठेवतात. ही अडकवलेली रक्कम म्हणजे एस्क्रो. वर्षअखेर हिशेब लागतो. सगळ्या खेळाडूंचे पगार मिळून त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त झाले असतील, तर जास्तीचे पैसे या अडकवलेल्या रकमेतून मालकांकडे जातात. उरलेले खेळाडूंना परत मिळतात.

साध्या वर्षाला हे १० टक्के पुरतात. अंदाज थोडा चुकतो, थोडे इकडचे तिकडे होतात, कुणी बातमीही करत नाही. पण सगळा हंगामच अर्ध्यावर मोडला तर या एवढ्याशा ठेवीनं काय भागणार?

## अस्मानी-सुलतानी कलम

त्यासाठी करारात आणखी एक कलम आधीपासून होतं. वकील त्याला फोर्स मॅज्युर म्हणतात. आपल्याकडे याला शेकडो वर्षांचा जुना आणि जास्त नेमका शब्द आहे, अस्मानी-सुलतानी. वरून कोसळलेलं संकट, किंवा सरकारच्या हुकमामुळे हात बांधले जाणं. युद्ध, नैसर्गिक आपत्ती, साथीचे रोग, सरकारी बंदी हे सगळं त्यात येतं.

एनबीएच्या कलमातला आकडा गमतीदार आहे. अशा संकटामुळे रद्द झालेल्या प्रत्येक मॅचमागे खेळाडूचा वार्षिक पगाराचा १/९२.६ भाग कापता येतो. ९२.६ च का? संघ नियमित हंगामात ८२ मॅच खेळतो, त्यात सराव सामने आणि प्लेऑफची (नियमित हंगामानंतर विजेता ठरवणाऱ्या फेऱ्यांची) सरासरी धरून तो छेद काढलेला आहे.

वर्षाला एक कोटी डॉलर पगार असलेला खेळाडू घ्या. त्याची एक मॅच म्हणजे सुमारे १.०८ लाख डॉलर. गोल्डन स्टेट वॉरियर्सनं हंगाम थांबेपर्यंत ६५ मॅच खेळल्या होत्या, १७ उरल्या होत्या. कलम शब्दशः लावलं तर त्या खेळाडूचे १८ लाखांच्या वर गेले असते. लॉस एंजेलिस लेकर्सचा तारा लेब्रॉन जेम्स याच्या तेव्हाच्या पगाराला हेच गणित लावलं तर एका मॅचचे चार लाखांहून जास्त.

या कलमात आणखी एक हत्यार होतं, ठरावीक मुदतीत सगळा सामूहिक करारच मोडायचा हक्क. लीगनं ते उगारलं नाही. मुदत पुन्हा पुन्हा पुढे ढकलत दोन्ही बाजू बोलत राहिल्या. मला त्या सगळ्या काळातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच वाटतो. करार मोडला असता तर साथ ओसरल्यावर संपाची-टाळेबंदीची लढाई उभी राहिली असती. एप्रिल अखेरपर्यंतचे पंधरवड्याचे पगार पूर्ण दिले गेले. १५ मे पासून प्रत्येक हप्त्यातले २५ टक्के अडकवायला सुरुवात झाली. पुढे एकदम पगार शून्यावर येण्यापेक्षा आत्तापासून थोडं थोडं बाजूला टाकलेलं बरं, असा विचार.

## तिकिटांचे पैसे एवढे कुठले?

आपल्याला आयपीएल बघायची सवय. तिथे मुख्य पैसा टीव्हीचा, म्हणून २०२० मध्ये अख्खी स्पर्धा अमिरातीत, बहुतांश रिकाम्या स्टँडपुढे खेळवूनही धंदा चालला. एनबीएलाही टीव्ही आहे की, मग प्रेक्षक नसले म्हणून काय बिघडलं?

बरंच बिघडलं. आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर यांनी तेव्हा सांगितलं की लीगच्या उत्पन्नातला सुमारे ४० टक्के भाग प्रेक्षक प्रत्यक्ष येण्यावर अवलंबून असतो. साध्या वर्षाला एक संघ आपल्या शहरात ४१ मॅच खेळतो, प्लेऑफच्या वेगळ्या. वीस हजारांच्या आसपास लोक येतात. तिकीट हा त्यातला एक तुकडा. गाडी लावायचे पैसे, बिअर, हॉट डॉग, नातवासाठी घेतलेली जर्सी, कंपन्यांनी वर्षभरासाठी घेतलेले काचेचे कक्ष, मैदानाला चिकटून असलेल्या खुर्च्या, स्टेडियमभर झळकणाऱ्या जाहिराती. जत्रा रद्द झाली की फक्त पाळणेवाला बसत नाही, नारळवाल्यापासून भजीवाल्यापर्यंत सगळी रांग बसते, तसंच हे.

शिवाय टीव्हीच्या राष्ट्रीय कराराचे पैसे सगळ्या संघांत सारखे वाटले जातात, पण स्टेडियमची कमाई मुख्यतः ज्याची त्याची. त्यामुळे घाव सारखा बसला नाही. वॉरियर्सचंच बघा. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी चेस सेंटर हे नवं स्टेडियम सुमारे १४० कोटी डॉलर खर्चून खाजगी पैशातून बांधलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ते उघडलं आणि सहा महिन्यांत त्याला कुलूप लागलं. कर्जाचे हप्ते काही कुलूप लावून थांबत नाहीत. ज्या संघाची कमाई मोठी त्याचं नुकसान मोठं. लहान शहरातल्या, निम्म्या खुर्च्या एरवीही रिकाम्या राहणाऱ्या संघाला तुलनेनं कमी लागलं.

वृत्तांनुसार २०१९-२० चं एकूण उत्पन्न १० टक्क्यांनी घसरून ८३० कोटी डॉलरवर आलं. त्यात तिकिटांचं नुकसान सुमारे ८० कोटींचं. चीनमधल्या धंद्यालाही फटका बसला, पण त्याचा करोनाशी संबंध नव्हता. ह्यूस्टन रॉकेट्सचे जनरल मॅनेजर डॅरिल मोरी यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा देणारं ट्वीट केलं आणि चिनी सरकारी टीव्हीनं एनबीए बंद केलं. अस्मानी आणि सुलतानी एकाच हंगामात.

## डिस्नेच्या आवारात जाऊन खेळायचा अट्टहास कशाला?

जुलै २०२० मध्ये फ्लोरिडात ऑरलँडोजवळ, डिस्नेच्या क्रीडासंकुलात बावीस संघांना नेऊन कोंडलं. रोज चाचण्या, बाहेर जायची बंदी, घरचे लोक कित्येक आठवडे लांब. ३० जुलैला खेळ सुरू झाला, ११ ऑक्टोबरला लेकर्सनं मायामी हीटला ४-२ नं हरवून विजेतेपद घेतलं. या सोयीवर सुमारे १८ कोटी डॉलर खर्च झाल्याचं छापून आलं. अनेकांनी तेव्हा विचारलं की लोक मरतायत आणि यांना बॉल टाकायचा सुचतोय?

प्रश्न योग्य होता. पण हिशेब बघा. त्या १८ कोटींनी सुमारे १५० कोटींचं उत्पन्न वाचलं, असा तेव्हाचा अंदाज होता. प्लेऑफ न झाल्या तर राष्ट्रीय वाहिन्यांना दिलेला शब्द मोडत होता. आणि प्लेऑफच्या आधी प्रत्येक संघाला आठ-आठ मॅच का खेळवल्या? क्रमवारीसाठी हे झालं वरवरचं उत्तर. संघांचे आपापल्या प्रदेशातल्या वाहिन्यांशी वेगळे करार असतात आणि त्यांचा पूर्ण पैसा मिळायला साधारण ७० मॅच दाखवाव्या लागतात. हंगाम थांबला तेव्हा संघांच्या ६३ ते ६७ मॅच झाल्या होत्या. त्यात आठ मिळवा.

प्रेक्षकांच्या जागी मैदानाभोवती १७ फूट उंचीचे पडदे लावले आणि त्यांवर आपापल्या घरी बसलेले तीनशेहून जास्त चाहते दाखवले. गोंगाट स्पीकरमधून. पडद्यावरचा चाहता बिअर विकत घेत नाही, पण टीव्हीवरच्या प्रेक्षकाला रिकाम्या भिंतीपेक्षा बरं वाटतं. तो सगळा खटाटोप टीव्हीसाठीच होता.

करारांची गंमत इथे जास्त स्पष्ट दिसते. ज्यांना यायचं नव्हतं त्यांना सक्ती नव्हती, फक्त न खेळलेल्या मॅचचा तोच १/९२.६ भाग पगार जाणार होता. लेकर्सचा एव्हरी ब्रॅडली मुलाच्या श्वसनाच्या त्रासामुळे गेला नाही. वॉशिंग्टनचा डाव्हिस बेर्तान्स वेगळ्या कारणानं गेला नाही. त्याचा करार संपत आला होता, पुढचा मोठा मिळणार हे दिसत होतं, आणि गुडघा मोडून घेतला तर ते सगळं पाण्यात. त्यानं आठ मॅचचे सुमारे सहा लाख डॉलर सोडले आणि नोव्हेंबरमध्ये त्याच संघाकडून पाच वर्षांचे आठ कोटी घेतले. संघनिष्ठेवरून त्याला बोल लावणारे होते. मला तरी त्याचं गणित चुकलेलं दिसत नाही.

महिलांच्या डब्ल्यूएनबीएनंही फ्लोरिडातच, ब्रेडेंटनला, असाच हंगाम खेळवला. ठरलेल्या ३६ ऐवजी २२ मॅच झाल्या आणि खेळाडूंना पगार पूर्ण मिळाला. पुरुषांच्या तुलनेत तो पगार किती छोटा, हे माहीत असलं की या औदार्याची किंमतही कळते.

## पगारमर्यादा खाली येऊ द्यायची नाही, असं का ठरलं?

आता या सगळ्या भानगडीचा गाभा. २०२०-२१ ची पगारमर्यादा आधी ११.५ कोटी डॉलरच्या आसपास धरली होती. सूत्र प्रामाणिकपणे लावलं असतं तर ती बरीच खाली आली असती. येऊ द्यायची होती ना मग. वाटा म्हणजे वाटा.

अडचण अशी की एनबीएत सगळ्यांचे करार एकाच वर्षी संपत नाहीत. आधी सही केलेल्यांचे आकडे कागदावर पक्के. मर्यादा घसरली की नव्या करारांसाठी संघांकडे जागाच उरत नाही, म्हणजे सगळा भार त्या एकाच उन्हाळ्यात करार संपणाऱ्यांवर. २००९ च्या मंदीत इंजिनिअरिंग संपवून बाहेर पडलेल्या मुलांना विचारा. एक वर्ष आधी पास झालेला वर्गमित्र आणि आपण, हुशारीत फरक काहीच नाही, पगारात मात्र पुढची दहा वर्षं.

याची उलटी बाजू लीगनं २०१६ मध्ये भोगली होती. तेव्हा टीव्हीचा जुना, २,४०० कोटींचा करार नवा होता. मर्यादा एका फटक्यात ७ कोटींवरून ९.४१ कोटींवर गेली. ही वाढ थोडी थोडी करू, असं लीगनं सुचवलं होतं, खेळाडूंच्या संघटनेनं नकार दिला. मग काय झालं? आदल्याच हंगामात ७३ मॅच जिंकलेल्या वॉरियर्सकडे अचानक जागा झाली आणि केविन ड्युरांटसारखा तारा तिकडे गेला. लेकर्सनं तिमोफे मोझगोव्हला चार वर्षांचे ६.४ कोटी दिले आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्याला दुसऱ्या संघाच्या गळ्यात मारलं. त्या वर्षी करार संपला तो भाग्यवान.

म्हणून २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ठरलं की मर्यादा आहे तिथेच गोठवायची, १०.९१ कोटी. गल्ला कमी भरणार हे नक्की, तेव्हा फरक एस्क्रोतून भरून काढायचा. पण एका वर्षी खेळाडूंच्या पगारातून २० टक्क्यांहून जास्त जाऊ द्यायचे नाहीत, उरलेलं ओझं पुढच्या हंगामांवर पसरायचं. आणि इथून पुढे मर्यादा दर वर्षी कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त १० टक्क्यांनीच वाढेल.

याचा अर्थ नीट बघा. घसरणीचा भार त्या वर्षीच्या मोजक्या मोकळ्या खेळाडूंवरून काढून सगळ्या खेळाडूंवर पसरवला गेला. ज्याचा पगार मोठा त्याची कपात मोठी. त्यामुळेच साथीच्या ऐन मध्यात गॉर्डन हेवर्डला शार्लटकडून चार वर्षांचे १२ कोटी मिळू शकले. आणि डिसेंबरमध्ये पाच वर्षांच्या २०.५ कोटींवर सही कोणी केली असेल? रूडी गोबेरनं.

## कोट्यधीशांचं काय एवढं कौतुक?

नकोच. त्या वेळी सगळ्यात कमी पगाराच्या नवख्या खेळाडूलाही पूर्ण हंगामाचे नऊ लाख डॉलरच्या आसपास मिळत. त्याचे २० टक्के गेले तर तो उपाशी राहत नाही.

पण गल्ल्याच्या वाटणीत जागाच नसलेलं एक मोठं माणूसबळ होतं. तिकीट फाडणारे, खुर्च्या दाखवणारे, पॉपकॉर्न विकणारे, मॅच संपल्यावर झाडू मारणारे. यांचे पैसे ताशी. मॅच नाही म्हणजे तास नाहीत, आणि त्यांच्यासाठी कुठलंही कलम, कुठलाही छेद नव्हता. डॅलसचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांनी लगेच जाहीर केलं की या लोकांचे पैसे देऊ. न्यू ऑर्लिन्सच्या १९ वर्षांच्या झायन विल्यमसननं स्टेडियममधल्या कामगारांचा तीस दिवसांचा पगार आपल्या खिशातून द्यायचं ठरवलं. केविन लव्ह, यानिस आंतेतोकूंपो या खेळाडूंनी एकेक लाख डॉलर दिले. दुसरीकडे फिलाडेल्फियाच्या मालकांनी कर्मचाऱ्यांच्या पगारात २० टक्क्यांपर्यंत कपात जाहीर केली आणि ओरड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मागे घेतली. हे सगळं मर्जीवर चाललं होतं. खेळाडूंना कपात सोसावी लागली, पण तिचा हिशेब आधी लिहून ठेवलेला होता. एकोणीस वर्षांच्या पोराला दया आली म्हणून घर चालावं, ही वेगळी गोष्ट.

## रिकाम्या खुर्च्यांनी खेळ बदलला का?

थोडा. २०२०-२१ चा हंगाम २२ डिसेंबरला सुरू झाला, ८२ ऐवजी ७२ मॅचचा. लेकर्सना विजेतेपदानंतर जेमतेम ७२ दिवसांची सुट्टी मिळाली. नाताळच्या दिवसाच्या मॅच टीव्हीला हव्या होत्या, हे त्यामागचं मोठं कारण. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी प्रेक्षक नव्हते, नंतर त्या त्या राज्याच्या नियमांप्रमाणे थोडे थोडे. यजमान संघ एरवी दहातल्या साधारण सहा मॅच जिंकत आले आहेत, त्या हंगामात हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास आलं. टोरंटो रॅप्टर्सची गत तर आणखी वाईट. कॅनडाच्या सीमेवरच्या निर्बंधांमुळे त्यांनी आपल्या ‘घरच्या’ मॅच फ्लोरिडातल्या टॅम्पात खेळल्या. आदल्या हंगामात लीगच्या पूर्व विभागात दुसरा आलेला संघ २७ जिंकून ४५ हरला.

जुलै २०२१ मध्ये मिलवॉकी बक्सनं विजेतेपद जिंकलं तेव्हा स्टेडियम भरलेलं होतं आणि बाहेरच्या चौकात आणखी हजारो लोक पडद्यावर मॅच बघत उभे होते.

करारांचे पेच मात्र तिथे संपले नाहीत. २०२१-२२ मध्ये ब्रुकलिनच्या कायरी अर्विंगनं लस घेतली नाही. न्यूयॉर्क शहराच्या नियमानं त्याला घरच्या स्टेडियमवर बंदी. हुकूम सुलतानी खरा, पण लस न घेणं ही त्याची निवड, म्हणून घरच्या मॅचचा पगार कापला आणि पुढे बाहेरगावच्या मॅच खेळल्या त्याचा मिळाला. बाहेरून येणाऱ्या, लस न घेतलेल्या खेळाडूला मात्र त्याच मैदानावर परवानगी होती. नियम कसे लिहू नयेत याचा हा धडाच.

त्याच डिसेंबरात ओमिक्रॉनमुळे संघच्या संघ विलगीकरणात गेले, तेव्हा लीगनं दहा-दहा दिवसांच्या करारावर बदली खेळाडू घ्यायची ढील दिली. रोजंदारीच म्हणा. चाळिशीतला जो जॉन्सन अशा करारावर बॉस्टनकडून उतरला, दोन गुण केले, बॉस्टनच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं.

## एवढं नुकसान, मग संघ महागले कसे?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. गोबेरचाच संघ, युटा जॅझ, ऑक्टोबर २०२० मध्ये, स्टेडियम बंद असताना, १६६ कोटी डॉलरला विकला गेला. फिनिक्स सन्स २००४ मध्ये सुमारे ४० कोटींना घेतलेला, तो २०२३ च्या सुरुवातीला ४०० कोटींच्या मूल्यावर गेला. मालकांनी मग रडगाणं खोटंच गायलं का?

मुंबईत भाडेकरू दोन वर्षं भाडं देऊ शकला नाही म्हणून दादरच्या इमारतीची किंमत पडत नाही. हप्ते भरताना मालकाच्या तोंडाला फेस येईल, पण विकायला काढली तर रांग लागेल. संघ घेणारा माणूस पुढच्या तीस वर्षांचे टीव्हीचे करार बघून घेतो. वार्षिक तोटा खरा होता आणि मालमत्ता वाढत होती, दोन्ही एकाच वेळी. यातला वार्षिक गल्ला खेळाडू वाटून घेतात, तोटाही. संघाची वाढलेली किंमत वाटून घेत नाहीत. बटई पिकाची असते, जमिनीची नसते.

## आणि ते १० टक्के

२०२३ मध्ये नवा सामूहिक करार झाला, त्यात १० टक्क्यांची वरची कडी कायम राहिली. २०१६ मध्ये संघटनेनं जी गोष्ट धुडकावली तीच आता नियमात होती. म्हणून टीव्हीचा पैसा अडीचपट होऊनही २०२५ मध्ये मर्यादा १० टक्क्यांवर अडली. मधले पैसे मालकांच्या खिशात जात नाहीत, कारण वाट्याचा नियम वेगळा चालूच आहे. सगळे पगार मिळूनही खेळाडूंचा ठरलेला वाटा भरला नाही, तर फरक त्यांच्यात वाटावा लागतो. म्हणजे आता पहिली उचल कमी आणि वर्षअखेर अंतिम बिल, अगदी आपल्या उसासारखं.

अस्मानी-सुलतानीचं कलमही करारात आहेच. १५.४६ कोटींवरून २०२६-२७ च्या हंगामात मर्यादा फार तर १७.०१ कोटींवर जाऊ शकते, गल्ला कितीही भरो.